जुन्या छापील पियानो-आवृत्त्या कशा ताडून पाहाव्यात: नवशिक्यांसाठी कामाची रीत

एकाच सोनाटाची दोन पुस्तके शेजारी ठेवली आणि एकात फोर्टे (मोठ्याने) आहे तेथे दुसऱ्यात पियानो (हळू आवाजात) छापलेले आहे, एकात स्लर, म्हणजे स्वर जोडून वाजवण्याची कमान, तीन स्वरांवर आहे तर दुसऱ्यात तो पूर्ण बारभर (दोन उभ्या रेघांमधल्या मात्रांच्या गटावर) ओढलेला आहे, असे दिसले की विद्यार्थी हमखास विचारतो, "यातले बरोबर कोणते?" प्रश्न स्वाभाविक असला तरी तो फार लवकर विचारलेला असतो. त्याच्या आधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे यातली कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरलेली आहे. हा दुसरा प्रश्न बाजूला ठेवून केलेली तुलना कितीही बारकाईची असली तरी तिच्यातून नुसती फरकांची यादी हाती लागते, निर्णय करता येत नाही.

मराठी वाचकाला हा विचार परका नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, तेव्हा देशभरातून आलेल्या हस्तलिखितांची आधी कुळे लावण्यात आली आणि मगच कोणता पाठ स्वीकारायचा हे ठरवण्यात आले. पाठ, पाठभेद, प्रत, प्रक्षेप हे शब्द आपल्याकडे त्या परंपरेतून तयारच आहेत, तेव्हा पियानोच्या संगीतासाठी वेगळी परिभाषा घडवण्याचे कारण नाही. छापलेल्या संगीतात फक्त एक गोष्ट निराळी असते: एका पानावर स्वर, त्यांची लांबी, बोटांचे आकडे, स्लर, ठिपके, जोर, पेडल असे अनेक थर एकावर एक बसलेले असतात, आणि प्रत्येक थर वेगळ्या कारणाने बिघडू शकतो.

काम लहान घ्यावे

पहिल्याच वेळी अख्खा सोनाटा घेऊ नये. एक मूव्हमेंट, म्हणजे सोनाटाचा एक स्वतंत्र भाग, पुरे, आणि शोपाँच्या प्रेल्यूडसारखी एका पानाची रचना असेल तर अधिक बरे. रचना आपल्याला हाताने वाजवता येत असावी, निदान संथ लयीत, कारण डोळ्यांना न दिसलेला फरक पुष्कळदा बोटांना कळतो. या लेखात मी बीथोवनच्या ओपस 31 (ओपस म्हणजे प्रकाशित रचनेचा क्रमांक) मधील पहिला, जी मेजर सोनाटा मुख्य उदाहरण म्हणून वापरणार आहे, त्यातही त्याची पहिली मूव्हमेंट. तिच्या छपाईची हकिकत नोंदलेली आहे, तिची बीथोवनच्या हातची प्रत उरलेली नाही, आणि दोनच जुन्या छापील आवृत्त्यांत शिकण्यासारखे बहुतेक सर्व काही सापडते.

थोडक्यात हकिकत अशी. बीथोवनने हे सोनाटा 1802 च्या सुमारास लिहिले आणि झुरिकचे प्रकाशक हान्स गेओर्ग नेगेली यांनी त्यांतले पहिले दोन 1803 मध्ये आपल्या मालिकेच्या पाचव्या भागात छापले. छापील पाने आली तेव्हा बीथोवन लिहीत बसला होता. त्याने आपला शिष्य फर्डिनांड रीस याला ती वाजवून पाहायला सांगितले. चुका इतक्या निघाल्या की बीथोवन अस्वस्थ झाला, आणि जी मेजर सोनाटाच्या पहिल्या मूव्हमेंटच्या शेवटाकडे रीसने त्याने कधीच न लिहिलेले चार बार वाजवले तेव्हा तो उसळून उठला. नेगेली स्वतः संगीतकार होते. वाक्याची लांबी त्यांना बहुधा एका बाजूला झुकलेली वाटली असावी आणि त्यांनी ती चार बारांची भर घालून सम केली. पुढे चुकांची यादी तयार करून ती बॉनचे प्रकाशक झिमरॉक यांच्याकडे पाठवण्यात आली, आणि झिमरॉक यांनी मुखपृष्ठावर 'अत्यंत शुद्ध आवृत्ती' अशा अर्थाचे फ्रेंच शब्द छापून ते सोनाटा नव्याने कोरून काढले.

एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा शेवटी बजावून ठेवले होते की जो कोणी तिच्यात स्वतःची ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील. नेगेलींचे चार बार हे त्या नरोटीचे इतके चोख उदाहरण आहे की मला दरवेळी त्याचीच आठवण होते.

प्रत ओळखणे

आयएमएसएलपी या संकेतस्थळावर, बॉनच्या बीथोवन-हाउसच्या डिजिटल संग्रहात आणि युरोपातील मोठ्या ग्रंथालयांच्या साठ्यांत जुन्या आवृत्त्यांची पाने मोफत पाहता येतात. शोपाँसाठी तर त्याच्या पहिल्या आवृत्त्यांचा स्वतंत्र डिजिटल संग्रहच आहे. ग्रंथालयाने फाइलला 'पहिली आवृत्ती' असे नाव दिले आहे एवढ्यावर मात्र विसंबू नये. पहिली ताडणी मुखपृष्ठाची करावी, संगीताची नंतर.

मुखपृष्ठावर वर्ष सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. त्या काळातले प्रकाशक संगीताच्या पुस्तकांवर साल क्वचितच छापत, कारण साल छापले की माल जुना दिसू लागतो. त्याऐवजी प्रकाशकाचे नाव आणि पत्ता, किंमत आणि तिचे चलन, अर्पणपत्रिका, ओपस क्रमांक आणि प्रत्येक पानाच्या तळाशी येणारा प्लेट नंबर टिपून ठेवावा. प्लेट नंबर म्हणजे प्रकाशकाने त्या कामाला दिलेला हिशेबाचा आकडा. त्याच प्रकाशकाच्या इतर पुस्तकांच्या नंबरांशी आणि वर्तमानपत्रांतील जाहिरातींशी तो जुळवून अभ्यासक छपाईचा काळ काढतात. पत्ता बदलला, किंमत बदलली, दुकानात भागीदार आला तर नंबर तोच राहूनही मुखपृष्ठ बदलते. ओपस क्रमांकावरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. आज आपण ओपस 31 म्हणतो ते सोनाटा काही जुन्या पुस्तकांत ओपस 29 म्हणून छापलेले आहेत.

येथे नवशिक्याची एक गफलत हमखास होते. आवृत्ती आणि छपाई या दोन गोष्टी वेगळ्या धराव्या लागतात. त्या काळी संगीत खिळ्यांनी क्वचित जुळवले जाई. प्रत्येक पानासाठी कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची एक प्लेट घेऊन तिच्यावर सर्व काही उलटे, म्हणजे आरशात दिसेल तसे, उमटवले जात असे. स्वरांची डोकी, ओळीच्या सुरुवातीची क्लेफची खूण, शार्प-फ्लॅट (स्वर अर्ध्या पायरीने चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या खुणा) यांच्यासाठी पोलादी ठसे असत आणि ते हातोडीने ठोकले जात. स्वरांच्या दांड्या, स्लर, बारच्या रेघा हाताने कोरल्या जात. एकदा कोरलेली प्लेट वर्षानुवर्षे कपाटात राही आणि मागणी येईल तशा पन्नास-शंभर प्रती काढल्या जात. मधल्या काळात चूक ध्यानात आली तर कारागीर प्लेटच्या मागच्या बाजूने नेमक्या जागी ठोकून धातू वर आणी, पुढची बाजू घासून सपाट करी आणि तेथे नवा स्वर उमटवी. म्हणून एकाच प्लेटवरून निघालेल्या दोन प्रतींतही पाठ वेगळा असू शकतो, आणि त्या दोघींना दोन आवृत्त्या म्हणणे चुकीचे ठरते. ती एकाच आवृत्तीची आधीची आणि नंतरची छपाई होय.

हे ओळखायचे कसे? दोन्ही प्रतींचे तेच पान पडद्यावर शेजारी ठेवावे आणि संगीताकडे क्षणभर दुर्लक्ष करून नुसत्या खोडी पाहाव्यात. एखाद्या बाररेघेचा वरचा टोक किंचित पुढे गेलेला आहे, अमुक स्वराचे डोके रेघेवर तिरके बसलेले आहे, स्लरच्या शेपटीला बारीक फाटा फुटलेला आहे. अशा तीन-चार खोडी दोन्हीकडे जशाच्या तशा असतील तर प्लेट एकच. मग त्यांपैकी एका प्रतीत एखाद्या जागी स्टाफच्या, म्हणजे ज्यांवर स्वर लिहितात त्या पाच, रेघा फिकट किंवा तुटक दिसल्या आणि तेथला स्वर शेजारच्या स्वरांपेक्षा ठळक दिसला, तर तेथे प्लेट दुरुस्त झालेली आहे असे बहुतेक वेळा म्हणता येते. प्लेटला गेलेला तडा कागदावर केसासारख्या रेघेत उमटतो, आणि तो जितका लांब तितकी ती छपाई नंतरची. मला हा भाग सगळ्यात रंजक वाटतो, कारण येथे संगीताचे ज्ञान फारसे लागत नाही, नजर लागते.

फाइल साठवताना तिच्या नावातच रचना, प्रकाशक, गाव, प्लेट नंबर आणि ग्रंथालय घालून ठेवावे. 'बीथोवन नवीन 2' असल्या नावाच्या फाइली महिनाभराने कोणालाच ओळखू येत नाहीत.

ताडणी: एका वेळी एकच थर

आता पायाभूत प्रत ठरवावी. पायाभूत म्हणजे सर्वांत शुद्ध असे नव्हे. जिच्याशी बाकीच्या ताडायच्या ती प्रत, एवढाच तिचा अर्थ. सर्वांत जुनी घेतली की सोयीचे पडते. तिच्यावर बारांचे क्रमांक पेन्सिलीने घालावेत आणि तेच क्रमांक इतर प्रतींवरही घालावेत. रचना अपुऱ्या बारने सुरू होत असेल तर तो मोजू नये, पहिला पूर्ण बार तो 1 क्रमांकाचा. पुनरावृत्तीचे पहिले आणि दुसरे शेवट कसे मोजले हेही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. मी माझ्या पहिल्या ताडणीत एका प्रतीत अपुरा बार मोजला आणि दुसऱ्यात मोजला नाही, आणि जवळपास दोन संध्याकाळी केलेला सगळा तक्ता एका घराने सरकलेला निघाला.

बार मोजणे हीच खरे तर पहिली तपासणी असते. ओपस 31 च्या जी मेजर सोनाटात ही नुसती मोजदाद केली तरी नेगेलींची मूव्हमेंट झिमरॉकच्या मूव्हमेंटपेक्षा चार बारांनी लांब भरते, आणि स्वर वाचण्याच्या आधीच काहीतरी घडलेले आहे हे कळते.

त्यानंतर पान डावीकडून उजवीकडे सगळ्या खुणांसह वाचत जाण्याचा मोह टाळावा. डोळा आपल्याला ओळखीच्या गोष्टी आपोआप दुरुस्त करून दाखवतो. त्यापेक्षा सबंध मूव्हमेंटमधून अनेक फेऱ्या माराव्यात आणि प्रत्येक फेरीत एकच थर पाहावा. पहिल्या फेरीत फक्त डाव्या हाताचे स्वर आणि त्यांची लांबी, दुसरीत उजव्या हाताचे, तिसरीत शार्प, फ्लॅट आणि नॅचरल (शार्प-फ्लॅट रद्द करणारी खूण), चौथीत टाय (तोच स्वर लांबवणारी कमान) आणि स्लर, पाचवीत स्टॅकॅटो (स्वर तुटक वाजवण्याच्या खुणा), सहावीत जोराच्या खुणा आणि त्या नेमक्या कोणत्या स्वराखाली सुरू होतात ते. मात्रांचे गणित दर बारला जमते की नाही हेही याच वेळी पाहावे. जोडीदार मिळाला तर जुन्या छापखान्यातल्या प्रूफवाचनाची रीत उत्तम: एकाने मोठ्याने वाचायचे, "बार 12, डावा हात, पहिली मात्रा, जी, चतुर्थांश", आणि दुसऱ्याने आपल्या प्रतीवर बोट ठेवून पुढे सरकायचे. कंटाळवाणे काम आहे, त्यामुळे एका बैठकीत दोन पानांच्या पुढे जाऊ नये.

स्लर आणि स्टॅकॅटो यांना सर्वांत जास्त वेळ जातो. कोरणारा कारागीर स्लर हाताने ओढत असल्यामुळे त्याचे टोक दोन स्वरांच्या मध्येच संपते आणि तो कोणत्या स्वरापर्यंत आहे हे सांगता येत नाही. ओळ संपली की स्लर तुटतो आणि पुढच्या ओळीवर तो पुन्हा सुरू करायला कारागीर विसरतो. ठिपका आणि उभी रेघ यांत रचनाकाराला फरक अभिप्रेत होता का, की कारागिराने हाती आलेला ठसा ठोकला, हा वाद तर बीथोवनच्या अभ्यासात संपतच नाही. अशा जागी आपल्याला जे दिसते तेवढेच लिहावे. "स्लरचे टोक तिसऱ्या आणि चौथ्या स्वरांच्या मध्ये" ही नोंद उपयोगी असते. "स्लर चौथ्या स्वरापर्यंत" अशी नोंद केली की आपण निवाडा करून मोकळे झालो आणि पुढच्या माणसाला, म्हणजे बहुधा महिनाभरानंतरच्या आपल्यालाच, मूळ काय दिसत होते ते कळण्याचा मार्ग उरत नाही.

तक्त्याला पाच रकाने पुरतात: बार आणि मात्रा, हात, पायाभूत प्रतीतला पाठ, दुसऱ्या प्रतीतला पाठ, आणि शेवटचा निवाड्याचा. शेवटचा रकाना ताडणी चालू असताना कोरा ठेवावा.

वंशावळ

तक्ता भरला की त्यातल्या ओळींकडे पुन्हा पाहायचे, पण यावेळी फरकांकडे कमी आणि साम्यांकडे जास्त. दोन प्रतींत योग्य पाठ सारखा असेल तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण दोघींनी तो वेगवेगळ्या मार्गांनी मिळवलेला असू शकतो. दोघींत तीच विचित्र चूक असेल तर मात्र त्यांचे नाते आहे. शाळेत दोन मुलांच्या उत्तरपत्रिकांत एकच चुकीचा आकडा निघाला की बाईंना जे कळते तेच येथे कळते. ओळी मोडण्याच्या जागा हाही चांगला पुरावा आहे: नवी आवृत्ती जुन्या छापील पुस्तकावरून कोरली असेल तर कारागीर पुष्कळदा पाने आणि ओळी जुन्या पुस्तकाप्रमाणेच पाडतो, कारण त्याला मोजमाप नव्याने करावे लागत नाही.

आता नेगेली आणि झिमरॉक यांच्याकडे परत येऊ. झिमरॉककडे बीथोवनच्या हातची मूळ प्रत गेली नव्हती. नेगेलींचा छापील पाठ आणि चुकांची यादी एवढ्यावर ते काम झाले. याचा अर्थ असा की ज्या जागी झिमरॉकने नेगेलींपासून फारकत घेतली आहे त्या जागी, निदान जेथे तो फरक कारागिराच्या हातून घडलेला दिसत नाही तेथे, बीथोवन किंवा रीस यांचा हात असण्याचा संभव मोठा आहे, आणि झिमरॉकचा पाठ घ्यावा. पण ज्या जागी दोन्ही आवृत्त्या सारख्या आहेत त्या जागी "दोन साक्षीदार सांगतात" असे म्हणता येत नाही. साक्षीदार एकच आहे, नेगेली, आणि यादी करणाऱ्याच्या नजरेतून जी चूक सुटली ती झिमरॉकमध्येही जशीच्या तशी उतरली आहे. मुखपृष्ठावर 'अत्यंत शुद्ध' असे छापल्याने त्यात फरक पडत नाही. मूळ हस्तलिखित हरवलेले असल्याने आजच्या उरटेक्स्ट आवृत्त्यांच्या संपादकांनाही याच दोन पुस्तकांवर डोके खपवावे लागते, आणि त्यांच्यात आपसांत मतभेद दिसतात ते यामुळेच. उरटेक्स्ट म्हणजे 'मूळ पाठ' असे मुखपृष्ठ म्हणत असले तरी ते संपादकाने केलेले निवाडेच असतात. चांगल्या आवृत्तीत ते निवाडे मागच्या पानांवर एकेक करून दिलेले असतात, आणि ती पाने वाचण्याची सवय नवशिक्याने लवकर लावून घ्यावी.

वंशावळ नेहमी इतकी सरळ नसते. बीथोवनचा ओपस 106, म्हणजे 'हामरक्लाव्हिअर' या नावाने ओळखला जाणारा सोनाटा, 1819 मध्ये व्हिएन्नात आर्तारिया यांनी आणि लंडनमध्ये वेगळ्या प्रकाशकाने छापला. लंडनच्या बाजूची व्यवस्था रीस पाहत होता आणि बीथोवन त्याला पत्रांतून सूचना धाडत होता. मेट्रोनोमचे, म्हणजे लयीचा वेग सांगणारे, आकडे पत्रातून गेले, आणि अडाजिओच्या (संथ मूव्हमेंटच्या) सुरुवातीला घालायचे दोन स्वरही पत्रातूनच गेले. आज जो पहिला बार आहे तो असा मागाहून आलेला आहे. अशा ठिकाणी पत्र हीसुद्धा एक प्रत मानून तिचा वेगळा रकाना करावा लागतो.

एकाच वेळी तीन शहरांत

शोपाँच्या बाबतीत गुंता निराळा आहे. देशोदेशींच्या लेखकांचे हक्क परस्परांनी मानण्याचा बर्न करार 1886 मध्ये झाला. त्याच्या आधी एका देशात छापलेले संगीत दुसऱ्या देशात कोणीही उचलून छापू शके. म्हणून शोपाँ आपली रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन येथील प्रकाशकांना जवळपास एकाच वेळी विकत असे. परिणामी एकाच रचनेच्या तीन 'पहिल्या' आवृत्त्या तयार होतात. तो 1831 पासून पॅरिसमध्ये राहत असल्यामुळे तेथली प्रूफे त्याच्या डोळ्यांखालून जाण्याची शक्यता अधिक होती; लाइपझिगच्या ब्राइटकॉप्फ उंट हेर्टेल यांच्याकडे हस्तलिखित किंवा त्याचा मित्र युलिअन फोंताना याने केलेली नक्कल जाई; आणि लंडनच्या वेसेल यांची आवृत्ती पुष्कळदा पॅरिसच्या प्रूफांवरून कोरली जाई. मग पॅरिस आणि लंडन एकीकडे आणि लाइपझिग दुसरीकडे अशी स्थिती दिसली की दोन विरुद्ध एक असे मतदान करून चालत नाही. लंडन पॅरिसचीच मुलगी असेल तर मते समसमान आहेत.

ओपस 28 ची चोवीस प्रेल्यूड 1839 मध्ये निघाली. त्यांची मुखपृष्ठे शेजारी ठेवली तरी पहिला फरक हाती लागतो: फ्रेंच आवृत्ती पियानो बनवणारे कामीय प्लेयेल यांना अर्पण केलेली आहे आणि जर्मन आवृत्ती संगीतकार केसलर यांना. वेसेल यांची खोड वेगळीच होती. शोपाँच्या रचनांना ते स्वतःच्या मनाने रंगतदार नावे देत, जसे ओपस 9 च्या नॉक्टर्नना 'सेन नदीची कुजबुज' अशा अर्थाचे फ्रेंच नाव. शोपाँला याचा तिटकारा होता आणि त्याच्या पत्रांत तो दिसतो. असे नाव एखाद्या जुन्या पुस्तकात दिसले तर त्याला रचनाकाराची कल्पना समजू नये. ते पुस्तक लंडनच्या शाखेतले आहे याची खूण म्हणून मात्र ते कामाचे आहे.

याच संचातील सी मायनर प्रेल्यूड, क्रमांक 20, नवशिक्याने स्वतः करून पाहावे असे आहे. तिसऱ्या बारमधला शेवटचा स्वरपुंज पाहा. त्यातला ई नॅचरल वाजवायचा की ई फ्लॅट, म्हणजे पुंज सी मेजर होतो की सी मायनर, यावर आजही दोन पंथ आहेत. त्याच बारमध्ये आधी नॅचरल येऊन गेलेला असल्याने, पुढे फ्लॅटची खूण नसेल तर नियमाप्रमाणे नॅचरल कायम राहतो, आणि जुन्या छपाईत त्या शेवटच्या पुंजाजवळ फ्लॅट छापलेला नाही. उलट बाजूला शोपाँच्या शिष्यवर्गातल्या प्रतीत तो फ्लॅट हाताने घातलेला सापडतो. छापील पाने ताडून हा प्रश्न सुटत नाही. शिष्यांच्या पुस्तकांत धड्याच्या वेळी केलेल्या पेन्सिलीच्या खुणा हाही शोपाँच्या बाबतीत पुराव्याचा एक प्रकार होतो. तक्त्यात त्यांना स्वतंत्र रकाना द्यावा आणि त्या छापील पाठात मिसळू नयेत.

निवाडा

आता कोरा ठेवलेला रकाना भरायचा. प्रत्येक ओळीपुढे चारांपैकी एक शब्द लिहिला तरी पुष्कळ झाले: चूक, सुधारणा, सवय, अनिर्णित. मात्रांचे गणित न जमणारा बार किंवा एका रेघेने वर सरकलेले स्वराचे डोके ही उघड चूक. रचनाकाराने नंतर बदल केल्याचा बाहेरचा पुरावा असेल तर सुधारणा. विशिष्ट प्रकाशक सगळ्याच पुस्तकांत स्लर बारच्या रेघेपाशी तोडत असेल किंवा सावधगिरीचे नॅचरल वाढवत असेल तर ती त्या घरची सवय, तिच्यात संगीताचा अर्थ शोधू नये. उरलेले सगळे अनिर्णित.

समान जागांची मदत घेताना विशेष जपावे. मूव्हमेंटच्या सुरुवातीला आलेला प्रसंग शेवटी पुन्हा येतो तेव्हा दोन्हीकडे सारखे असायला हवे असे गृहीत धरून एकावरून दुसरा दुरुस्त करण्याची इच्छा होते. नेगेलींनी चार बार घातले ते नेमक्या अशाच इच्छेने असावेत. दुसरे उदाहरण बीथोवनच्या ओपस 10 मधील तिसऱ्या सोनाटाचे: त्याच्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये वर चढत जाणाऱ्या ऑक्टेव्हांच्या शेवटी वरचा एफ शार्प नाही, कारण त्या काळच्या पियानोची पट्टी वरच्या एफपाशी संपत होती. नंतरच्या कित्येक संपादकांनी तो स्वर घातला. घालावा की नाही हा वाजवणाऱ्याचा प्रश्न आहे, पण तक्त्यात ती 'छपाईची चूक' म्हणून जाता कामा नये.

उलट, छापलेले सगळे पवित्र मानणेही बरे नाही. ओपस 106 च्या पहिल्या मूव्हमेंटमध्ये मूळ विषय परत येण्याच्या अगदी आधी ए शार्प की ए नॅचरल हा वाद दीडशेहून अधिक वर्षे चालला आहे. छपाईत नॅचरलची खूण नाही, म्हणून की सिग्नेचरप्रमाणे, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला दिलेल्या शार्प-फ्लॅटप्रमाणे, ए शार्प येतो. बीथोवन खूण घालायला विसरला असे मानणारे ए नॅचरल वाजवतात. हस्तलिखित हरवलेले आहे. मी स्वतः नॅचरलच्या बाजूचा आहे, तरी माझ्या वहीत त्या ओळीपुढे 'अनिर्णित' असेच लिहिलेले आहे. हस्तलिखित कधी सापडणारच नाही असेही नाही: मोत्सार्टच्या ए मेजर सोनाटाच्या, म्हणजे ज्याच्या शेवटी तुर्की ढंगाचा रोंडो आहे त्याच्या, हस्तलिखिताची चार पाने 2014 मध्ये बुडापेस्टच्या राष्ट्रीय ग्रंथालयात मिळाली आणि 1784 च्या पहिल्या छापील आवृत्तीशी ती सगळीकडे जुळत नाहीत.

शेवटी वाजवण्याची प्रत. मुंबई, पुणे किंवा गोव्यात ट्रिनिटी वा असोसिएटेड बोर्ड या ब्रिटिश संगीत-परीक्षा मंडळांच्या परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने आपला निवडलेला पाठ पुस्तकात पेन्सिलीने स्पष्ट लिहावा आणि शिक्षकांना तो आधीच दाखवावा. परीक्षकाच्या हातात वेगळी आवृत्ती असू शकते, म्हणून आपले पुस्तक बरोबर न्यावे. त्यात छापलेला स्वर वाजवला तर तो चुकीचा धरला जाण्याची भीती कमी होते. पेन्सिलीची खूण केली की तिच्याजवळ प्रकाशकाचे आद्याक्षर लिहावे, 'ने' किंवा 'झि' एवढेही पुरते. माझ्या जी मेजर सोनाटाच्या प्रतीत शेवटच्या पानावर चार बारांच्या जागी एक बारीक आडवी रेघ आणि तिच्यावर 'ने +4' असे लिहिलेले आहे, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी ते काय आहे म्हणून विचारतो.